कांदा बिनविरोध

मी शिवणाचे क्लास घेते. परकर, ब्लाउज, झबली, उशांचे अभ्रे हा माझा प्रांत. कारलं मी आयुष्यात पहिल्यांदा शिवलं ते लोकशाहीसाठी, आणि खरं सांगते, झबलं परवडलं.

झालं असं, की आमच्या चिपळूणच्या शाळेत मला भूगोल शिकवणारे पाठक सर निवृत्तीनंतर लेकीकडे नगरला राहायला गेले. माणूस स्वस्थ बसणारा नव्हे. तिथे चार समविचारी मंडळी गोळा करून त्यांनी गावोगाव मतदानाची माहिती द्यायचं काम सुरू केलं. मत कुणाला द्यायचं हे चुकूनही सांगायचं नाही. यादीत आपलं नाव कसं शोधायचं, यंत्रावरचं बटण कसं दाबायचं आणि दाबलेलं कुणालाही कसं कळत नाही, एवढंच सांगायचं. निवडणूक तोंडावर आली तशी त्यांना सरावासाठी उमेदवार हवे झाले. माणसांची नावं घेतली तर डोकी फुटतील, म्हणून सरांनी भाज्या उभ्या करायचं ठरवलं आणि मला फोन केला.

"मोठ्या शिव. लांबून दिसल्या पाहिजेत. भेंडी, मिरची, फ्लॉवर नको, ती खरी चिन्हं असतात कुणाकुणाची."

"मग राहिलं काय, सर?"

"कांदा, वांगं, दोडका, कारलं. कापूस भर आणि पार्सल कर."

पार्सल कसलं करता! कारल्याचे काटे एकेक करून उभारताना माझी बोटं सोलून निघाली होती. माझी भाजी जाईल तिथे मी जाईन असं सरांना सांगून टाकलं, क्लासला सुट्टी दिली आणि चार भाज्या पोटाशी घेऊन बसमध्ये बसले. शेजारच्या बाईंनी घाट संपेपर्यंत माझ्या कारल्याकडे पाहिलं आणि मग हळूच विचारलं, "मगर आहे का हो?" मी खिडकीबाहेर बघत राहिले.

नगर

पाटीवर अहिल्यानगर आणि कंडक्टरच्या तोंडी अजून "नगर, नगर, नगर!" अशी दोन्ही नावं एकदम भेटली. आमच्याकडे आभाळ माडांच्या फटीतून बघावं लागतं. इथे ते सगळंच्या सगळं डोक्यावर येऊन उभं राहतं आणि माणसाला उगीचच खाली वाकून चालावंसं वाटतं.

सर स्टँडवर न्यायला आले होते. पायापासून डोक्यापर्यंत तपकिरी.

"सर, हे काय?"

"निःपक्षपातीपणा," सर म्हणाले. "भगवा चालत नाही, हिरवा चालत नाही, निळा, लाल, पिवळा काहीच चालत नाही. पांढरा तर मुळीच नाही, लोक आपल्यालाच उमेदवार समजतात. उरला हा. तुझ्यासाठीही साडी आणून ठेवलीय."

तपकिरी रंगात मी भिजत घातलेल्या चिंचेसारखी दिसते. पण नियम म्हणजे नियम, आणि सरांचे नियम तिथेच संपत नव्हते. कुणाला निरोप देताना पंजा हलवायचा नाही. मनगटावर घड्याळ नको. केसात कसलंही फूल नको. टॉर्च पिशवीच्या तळाशी. "पण किती वाजले असं कुणी विचारलं तर?" मी म्हटलं. सरांनी सूर्याकडे बोट केलं आणि लगेच ते बोट खाली घेतलं, कारण सूर्यही कुणाचं तरी चिन्ह असल्याचं त्यांना आठवलं.

आमच्या तुकडीतले तिसरे सलीमभाई शेख, तेही पेटी घेऊन स्टँडवर आले होते. नगरातच त्यांचं सुतारकामाचं दुकान आहे, स्वतःचा टेम्पो आहे आणि बोलताना टेम्पोसारखाच आवाज आहे. सरावाचं यंत्र त्यांनी बनवलं होतं. प्लायवूडची पेटी, वर चार बटणं, बटणाशेजारी भाजीचं चित्र. बटण दाबलं की आत एक गोटी त्या त्या भाजीच्या कप्प्यात पडायची. मत नोंदवल्याची शिट्टी म्हणून सलीमभाईंनी टेम्पोचा रिव्हर्सचा हॉर्न बसवला होता.

"म्हटलं वाया कशाला घालवायचा," ते म्हणाले आणि मला ऐकवण्यासाठी बटण दाबलं. टेम्पो मागे घेताना वाजते ती धून स्टँडभर घुमली. मागच्या मागे दोन माणसं आणि एक रिक्षा बाजूला झाली.

नागापूर

पहिला प्रयोग एमआयडीसीत. जेवणाच्या सुट्टीत एका चहाच्या टपरीसमोर आम्ही मांड ठोकली. सलीमभाईंनी पेटी लावली, मी आडोसा म्हणून चादर बांधली, सरांनी घसा साफ केला. "मित्रहो, मत गुप्त असतं. तुम्ही काय दाबलंत हे तुमच्या सख्ख्या भावालाही कळणार नाही."

पहिला वेल्डर चादरीमागे गेला. आतून 'टक्' असा आवाज आला, मग हॉर्न. दुसरा गेला. 'टक्, खळ्ळ', मग हॉर्न. तिसऱ्याच्या वेळी गोटी बराच वेळ घरंगळत गेली. बाहेरचे लोक कान टवकारून ऐकत होते. कांद्याचा कप्पा जवळ, कारल्याचा सगळ्यात लांब, हे ओळखायला त्यांना जेमतेम तीन मतं लागली. मशीनवर काम करणारी माणसं ती, आवाजावरून बेअरिंग गेलेलं ओळखतात.

"दोडका!" चौथा बाहेर येताच सगळे ओरडले.

"दोडक्याला दिलंस?" त्याचा मित्र उठून उभाच राहिला. "आपलं वांगं ठरलं हुतं ना रे?"

"आरं बोट सटाकलं."

"बोट न्हाई, तू सटाकलास. डबा दे माझा."

दोघांत त्या डब्यातल्या भाकरीवरून जे सुरू झालं ते भोंगा होईपर्यंत मिटलं नाही. सर मधूनमधून "मत गुप्त असतं" म्हणत होते आणि लोक मधूनमधून "कांदा!", "वांगं!" असा निकाल देत होते. परतताना टेम्पोत सर पेटीतल्या गोट्या मोजत बसले होते. मला त्यांची दया आली. माणूस तपकिरी कपड्यांत इतका खिन्न दिसतो हे मला माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी सलीमभाईंच्या घरी मी पेटी उघडून मांडीवर घेतली. त्यांच्या बायकोने, शमीमभाभींनी, जुन्या गादीतला कापूस दिला. झग्याला लावावं तसं चारही कप्प्यांना मी आतून जाड अस्तर लावलं. भाभी बटण दाबायच्या, मी कान लावायचे. गोटी पडल्याचं कळेनासं झालं तेव्हाच आम्ही जेवायला बसलो. मी माशांवर वाढलेली बाई. त्यांच्या मटणाच्या रश्शाने माझ्या डोळ्यांतून, नाकातून आणि मला वाटतं कानांतूनही पाणी काढलं. तरी मी दोनदा वाढून घेतलं, आणि लोकशाहीसाठी घेतलं असं सरांना सांगितलं.

राहाता

राहात्याच्या बाहेर पेरूच्या बागांमधून एका वस्तीवर पोचलो तेव्हा नवलच झालं. आमचा टेम्पो वळणावर दिसताच कुणीतरी गच्चीवरून शिट्टी घातली. घराघरांतून टीव्हीचे आवाज येत होते ते एकामागून एक बंद पडले. बाया लगबगीने अंगणात आल्या, दोन गडी लांब बांबू घेऊन घरामागे धावले आणि तारांवर लटकणारं काहीबाही खाली उतरलं.

"या साहेब," एक आजोबा हात जोडून पुढे आले. "मीटर बघून घ्या. फिरतंय बगा कसं!"

तपकिरी कपडे घातलेली तीन माणसं आणि त्यांच्या हातात वायरी लोंबणारी पेटी. लोकांनी आम्हाला वीज कंपनीचं पथक समजलं, यात त्यांची काय चूक?

"आम्ही मतदानाची माहिती द्यायला आलोय," सर म्हणाले.

आजोबांनी हात सोडले. "आदी सांगायचं की राव! पोरीची मालिका गेली ना मधनं."

मग पाहुणचार. आमच्या कोकणात चहा घेणार का म्हणून विचारतात आणि नको म्हटलं तर मनातल्या मनात बरं वाटून घेतात. इथे विचारतच नाहीत. सरांचा नियम होता की कुणाकडे काही घ्यायचं नाही, एकाकडे घेतलं तर पक्षपात दिसतो. पहिल्याच घरी त्यांनी नको म्हटलं तर तिथली सून पदर खोचून उभी राहिली. "का? आमच्या घरचा च्या कडू लागतो व्हय?" सरांनी घाबरून घेतला. आता एकाकडे घेतला म्हटल्यावर निःपक्षपातीपणा राखायला सगळ्यांकडे घेणं आलं. वस्ती बरीच मोठी होती. शेवटच्या घरी पोचेपर्यंत सरांना बोलणंही सुचत नव्हतं. ते उसाच्या दिशेने कुठेतरी बघत होते, आणि लोकशाहीचं पुढचं व्याख्यान मलाच द्यावं लागलं.

काष्टी

काष्टीचा आठवडे बाजार बघावा तर डोळे भरून. गाई, बैल, शेळ्या, कांद्याचे ढीग, दोरखंड, भेळेच्या गाड्या, आणि या सगळ्यांत भाव करणारी माणसं. आमच्याकडे बाजारात माणूस मासळीशी भांडतो, इथे बैलाचे दात मोजतो. आम्ही बाजाराच्या कडेला पेटी मांडली तेव्हा जवळच्या चिंचमळा वस्तीचे तात्या तिथे आले. फेटा, काठी, आणि चालण्यात पंचक्रोशीचा भार. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि उद्या आमच्या वस्तीवर या म्हणाले.

इथे सरांनी घोडचूक केली. माझ्या चारही भाज्या त्यांनी तात्यांच्या हवाली केल्या. "हे उमेदवार आजच घेऊन जा. लोकांत चर्चा होऊ द्या. उद्या मतदान."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तर देवळापुढे मांडव. स्पीकर. परातीत गुलाल. आणि मांडवाच्या मधोमध पाटावर माझा कांदा बसला होता. गळ्यात झेंडूचा हार, डोक्यावर छोटा फेटा.

"हे काय, तात्या?" सरांनी विचारलं.

"बिनविरोध!" तात्या म्हणाले. "काल सांजच्यालाच समदे बसलो. आमच्या वस्तीत आजपातूर एक बी निवडनूक झाली न्हाई साहेब. भांडनं नगं, खर्च नगं. बसायचं, ठरवायचं, गुलाल उधळायचा. कांदा एकमतानं निवडून आला."

"पण बाकीचे उमेदवार?"

"माघार घेतली. वांगं उपसरपंच. दोडक्याला पान्याची कमिटी दिली."

"आणि कारलं?"

"त्याला कुनी इचारलंच न्हाई," तात्या म्हणाले, आणि मांडव हसला.

मी माझं कारलं शोधत होते. ते स्पीकरच्या मागे उलटं पडलं होतं. माझी सोललेली बोटं मला आठवली आणि डोळ्यांत पाणीच आलं. सर तिकडे तात्यांना समजावत होते की हा नुसता सराव आहे, कुणी निवडून यायचं नाहीये, बटण दाबायला शिकायचं आहे. तात्यांचं म्हणणं, निकाल तयार आहे तर बटण कशाला? दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि सलीमभाईंनी हॉर्नची वायर काढायला घेतली होती.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आवाज आला. "कारलं माघार घेत न्हाई."

मांडवातल्या माना मागे वळल्या. बोलणाऱ्या बाई हळूहळू उठल्या. सत्तरीच्या पुढच्या, ठेंगण्या, हिरवं लुगडं, आणि डोळे असे की बघायच्या सगळ्यांच्या डोक्यावरून. या हौसाबाई. लग्नानंतर काही वर्षांत आजारपणात त्यांची दृष्टी गेली, हे मला मागाहून कळलं. वस्ती त्यांना आक्का म्हणते.

"आक्का, ठरलं की समदं," तात्या म्हणाले.

"कारल्याला कुनी इचारलंच न्हाई म्हन्ता. मग त्याची माघार घेतली कुनी?"

तात्यांनी तोंड उघडलं, मिटलं, फेटा सारखा केला.

"कारल्याच्या वतीनं मी उभी," हौसाबाई म्हणाल्या. "घ्या मतदान."

आणि मग धरण फुटलं. कारलं उभं राहतंय म्हटल्यावर वांग्याच्या लोकांना उपसरपंचपद कमी वाटायला लागलं. दोडक्याच्या गटाने पाण्याची कमिटी तिथल्या तिथे परत केली. कांद्याच्या डोक्यावरचा फेटा उतरवायचा की ठेवायचा यावर वेगळी बैठक बसली. शेवटी मतदान जेवणानंतर, असं ठरलं, आणि सरांच्या चेहऱ्यावर नागापूरनंतर पहिल्यांदा रक्त दिसलं.

मी कारलं उचललं, झटकलं आणि हौसाबाईंच्या शेजारी जाऊन बसले.

"मावशी, एवढं कारलं आवडतं तुम्हाला?"

त्यांनी माझ्या हातातलं कारलं घेतलं आणि बोटं फिरवली. "काटं झ्याक केल्यात. तुमी शिवलं व्हय?" मी इतकी खूश झाले की त्यांना मिठीच मारणार होते. मग त्यांनी कांदा मागवून घेतला, चाचपला आणि विचारलं, "ह्यो चेंडू कशाला आनलाय?" मिठी राहिली.

मग त्या आवाज खाली आणून बोलल्या. "बाई, खरं सांगू का? ग्रामपंचायतीला हितं मतदान हुतच न्हाई. मोठ्या निवडनुकीला जाते मी, पर माझा रंगनाथ संगं येतो. सोबती चालतो म्हनं आंधळ्याला. त्यो बटन दाबतो आन् म्हन्तो, दाबलं आई. लेक गुनाचा हाय. त्यानं दुसरंच दाबलं आसंल आसं मी म्हनत न्हाई. पर गुनाचा हाय म्हून काय झालं? मत माझं हाय ना? ह्या जन्मात येकदा तरी माझ्या बोटानं दाबायचंय. कुनाला न सांगता."

इतके दिवस आम्ही हॉर्न, भाज्या आणि तपकिरी साड्यांच्या भानगडीत होतो, आणि ज्यासाठी हे सगळं चाललं होतं ते माझ्या शेजारी कारलं मांडीवर घेऊन बसलं होतं.

मी सरांना बोलावलं. सरांनी सांगितलं की खऱ्या यंत्रावर बटणांशेजारी ठिपक्यांचे आकडे असतात. ते वाचता आले नाहीत तरी बटणं वरून खाली मोजता येतात. उमेदवारांचा क्रम आधी कुणाकडून तरी ऐकून पाठ करायचा, म्हणजे झालं. सोबती न्यायची मुभा आहे, सक्ती नाही. सलीमभाईंनी लगेच देवळाच्या पायरीवर बसून बटणांशेजारी डिंकाने मोहरी चिकटवली, एकाला एक, दुसऱ्याला दोन. हौसाबाईंनी बोट फिरवलं. "कांदा, वांगं, दोडका, कारलं. टोपलीतल्या भाकरी मोजते की मी रोज, ह्ये काय अवघड हाय?"

पण त्यांची खरी भीती वेगळी होती. "आतून आवाज येतो का? मला कानानं लई कळतं. मला कळलं तर दुसऱ्याला बी कळंल."

सलीमभाईंनी हॉर्नची वायर सुटीच ठेवून बटणं दाबून दाखवली. हौसाबाईंनी पेटीला कान लावला, मान हलवली, पुन्हा लावला. "न्हाई बाई. काय बी कळत न्हाई." माझं अस्तर कामाला आलं. मी भर मांडवात सरांकडे बघून भुवई उडवली.

जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तिकडची झणझणीत शिपी आमटी. ती आमटी गोड स्वभावाची नव्हे. आमच्याकडे आग्रह म्हणजे "घ्या हो थोडं" इतपत. इथे ताटावर हात आडवा धरला तर हातावर वाढतात. मी मनगटापर्यंत आमटीत होते, आणि प्रचार मात्र जोरात चालला होता. एकेक जण वाटी घेऊन हौसाबाईंजवळ यायचा, कानाशी वाकायचा आणि म्हणायचा, "आक्का, माझं कारल्यालाच बरं का!" दोडक्याचे लोक आले, वांग्याचे आले. तात्या स्वतः आले. "आक्का, वरनं कांदा, आतनं कारलं." सगळ्यांत शेवटी रंगनाथ आला, चाळिशीचा, आईचंच नाक असलेला. "आई, दुसऱ्या कुनाला देईन का मी?" हौसाबाई प्रत्येकाला "देव भलं करो" म्हणत होत्या.

मग मतदान. मी कपड्यावर खुणा करायच्या निळ्या खडूने प्रत्येकाच्या बोटाला रेघ ओढत होते, माणूस चादरीमागे जात होता, आणि हॉर्न वाजत होता. पहिल्या हॉर्नला सगळा मांडव दोन पावलं मागे सरकला. मागे बांधलेली म्हैस दर मताला दावं ओढायची. शेवटी एकाने तिचे कान झाकून धरले आणि त्याचं स्वतःचं मत राहून जाता जाता वाचलं.

हौसाबाईंची पाळी आली. त्या उठल्या, आणि रंगनाथ सवयीने त्यांच्या मागोमाग निघाला.

"तू हितंच थांब," त्या म्हणाल्या.

"आई, आगं, मी नुसता..."

"थांब म्हनलं ना."

रंगनाथ थांबला. आपल्या हातांचं काय करावं हे त्याला कळेना. त्याने ते मागे बांधले, मग पुढे घेतले, मग खिशात घातले. त्याचा चेहरा बघून मला वाईट वाटलं, आणि त्याने तिथेच उभं राहावं असंही वाटलं. चादरीमागे काहीच आवाज नव्हता. बराच वेळ नव्हता. सर एक पाऊल पुढे झाले.

"येऊ नगा," आतून आवाज आला. "मोजतीया."

आणि मग टेम्पोचा हॉर्न वाजला. तसा तो जेवणं झाल्यापासून वाजतच होता, पण या वेळी मांडवातलं कुणी मागे सरकलं नाही. चादर बाजूला झाली आणि हौसाबाई बाहेर आल्या. "वाजलं!" त्या म्हणाल्या. "माझ्या बोटानं वाजलं!" माझ्या डोळ्यांना खडू लागला असेल, मला समोरचं नीट दिसेना.

मोजणी सलीमभाईंनी केली. कांद्याच्या कप्प्यातून गोट्यांचा ढीग निघाला. वांग्याच्या बऱ्याच, दोडक्याच्या ओंजळभर. मग त्यांनी कारल्याचा कप्पा काढला. उलटा केला. हलवला. माझ्या अस्तरात बोट घालून बघितलं.

"सर," ते कधी नव्हे ते हळू बोलले, "कारल्याला काहीच नाही."

सरांनी सांगायचं टाळून पाहिलं, पण निकाल तो निकाल. "कारलं, शून्य."

मांडवात कुणी कुणाकडे बघेना. वाटी घेऊन कानाशी वाकलेली सगळी माणसं आपापल्या चपलांकडे बघत होती. तात्यांनी घसा खाकरला. रंगनाथ पुढे झाला.

"आई, मी... म्हंजे झालं आसं..."

हौसाबाई ऐकत उभ्या होत्या. मला वाटलं, आता या बाई रडतात. त्यांना सावरायला मी पुढे होणार, तेवढ्यात तात्यांच्या डोक्यात काहीतरी लखलखलं.

"आक्का, समद्यांचं सोड. पर शून्य कसं? तुजं सोताचं मत कुटं गेलं?"

हौसाबाईंना हसू फुटलं. आधी नुसतं तोंडातल्या तोंडात, मग असं की त्यांना खांबाला धरावं लागलं.

"आरं, मला मत द्यायचं हुतं म्हून कारलं हुबं केलं. खायला मला बी आवडत न्हाई त्ये!"

"मग दिलं कुनाला?"

"त्ये गुप्त आसतं. सकाळधरनं हे साहेब वरडत्यात, आयकलं न्हाई का?" मग त्या पेटीकडे तोंड करून म्हणाल्या, "येवढ्या जनांनी मला खोटं सांगितलं, आन् ह्या पेटीनं कुनाची चुगली केली न्हाई. पेटी इमानदार हाय. हिच्यावर माझा इस्वास बसला."

गुलाल फुकट जाऊ नये म्हणून तो सगळ्यांनाच लावला. सर डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी झाले आणि त्यांचा निःपक्षपातीपणा धुवायला परतल्यावर दोन बादल्या लागल्या. कांदा कुणीतरी घरी नेला. कारलं मात्र हौसाबाईंनी मागून घेतलं. निघताना मी हात हलवला, पंजा उघडून, चांगला वर करून. सरांनी मान दुसरीकडे वळवली. रंगनाथ टेम्पोपर्यंत पोचवायला आला आणि माझ्या पिशवीत शेंगदाणे ओतता ओतता म्हणाला, "बाई, मी दर बारीला ती सांगंल तेच दाबायचो. खरंच." मी म्हटलं, मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. त्याने मान हलवली, पण त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही.

चिपळूण

घरी आले, क्लास पुन्हा सुरू झाला. पोरींना मी बटणांची काजं शिकवत होते तेव्हा त्या भागातलं खरं मतदान आलं. दुपारी फोन वाजला. नंबर रंगनाथचा, आवाज हौसाबाईंचा.

"बाई, वाजलं!"

"एकट्या गेलात?"

"येकटी. तितल्या साहेबानं इचारलं, संगं कोन? म्हनलं, कुनी न्हाई, मला मोजता येतंय. रंग्यानं नावं आदीच वाचून दाकवली हुती, म्या पाठ केली. त्यो भाईर हुबा हुता, घामाघूम. ठिपकं बी घावलं बाई, मव्हरीवानीच हायेत. वरनं मोजलं आन् दाबलं. लांब वाजलं. तुमच्या टेम्पोपरीस बरं वाजलं."

क्लासमधल्या पोरी मशीन थांबवून माझ्याकडे बघत होत्या, कारण मी एकीकडे हसत होते आणि दुसरीकडे कुणाच्या तरी नव्या ब्लाउजच्या तुकड्याने डोळे पुसत होते. आणि त्या आनंदाच्या भरात, सरांचे सगळे नियम विसरून, मी नको ते विचारून बसले.

"मग मावशी, दिलंत कुणाला?"

पलीकडे रंगनाथही फोनला कान लावून उभा असावा.

"कारल्याला!" हौसाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.